इंजिनाचे फॉल्ट कोड : वाचन, अर्थ आणि निदान

प्रस्तावना

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला असतो, गाडी मात्र चालत असते. स्कॅनर जोडला की पडद्यावर पी०१७१ असा कोड आणि त्यापुढे एखादी इंग्रजी ओळ दिसते. त्या ओळीवरून जो भाग सुचेल तो बदलायचा, कोड पुसायचा आणि गाडी परत द्यायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. तिने कधी कधी काम होते. पुष्कळदा मात्र दिवा आठवडाभरात पुन्हा लागतो आणि ग्राहकाने चांगला भाग काढून दुसरा चांगला भाग विकत घेतलेला असतो.

या पाठाचा मुख्य मुद्दा एकच आहे. फॉल्ट कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. ईसीयूने घेतलेली एक विशिष्ट चाचणी नापास झाली, एवढेच तो सांगतो. ती चाचणी कोणती होती आणि ती का नापास झाली, हे मोजमापाने शोधणे म्हणजे निदान.

या पाठातून विद्यार्थ्याला पुढील गोष्टी जमाव्यात :
- कोडमधील अक्षर व आकडे फोडून वाचणे.
- सर्किटचा दोष आणि इंजिनाच्या कामातला दोष यांतला फरक ओळखणे.
- फ्रीझ फ्रेम आणि चालू वाचने वापरून संशयाची यादी लहान करणे.
- दुरुस्ती खरोखर झाली हे सिद्ध करणे.

१. दिव्यामागची यंत्रणा

ईसीयू म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक. सेन्सरकडून त्याला हवेचे प्रमाण, तापमान, क्रँकशाफ्टची गती, थ्रॉटलची स्थिती ही माहिती मिळते. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी कधी द्यायची हे ठरवतो. हे करतानाच तो स्वतःची आणि सेन्सरची तपासणीही करत असतो. या अंगभूत तपासणीला ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, थोडक्यात ओबीडी म्हणतात. तिचा मूळ हेतू प्रदूषण रोखण्याचा आहे. म्हणूनच गाडी ओढायला ठीक वाटत असतानाही दिवा लागू शकतो.

अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ ही समान पद्धत मोटारींना सक्तीची झाली. भारतात बीएस-४ मानकांबरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. दुसऱ्या टप्प्यात मिसफायर, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्या कामावरही नजर ठेवली जाऊ लागली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर हे निकष आणखी कडक झाले.

स्कॅनर जोडण्याचे १६ पिनांचे सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असते. त्यातील पाच पिना लक्षात ठेवाव्यात. पिन १६ वर बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो. पिन ४ बॉडीचा अर्थ आणि पिन ५ सिग्नलचा अर्थ. पिन ६ आणि १४ या कॅन संदेशवाहिनीच्या दोन तारा. स्कॅनरला वीजच मिळत नसेल तर आधी पिन १६ चा फ्यूज पाहावा. अनेक गाड्यांत तोच फ्यूज लायटर सॉकेटलाही असतो. वीज मिळते पण संपर्क होत नसेल तर बॅटरी सोडवून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजावेत. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर समांतर जोडलेले असल्याने सुमारे ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एका टोकाचा मार्ग तुटलेला आहे, शून्याच्या आसपास दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेट आणि मुख्य वाहिनी यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल असते तिथे हे आकडे वेगळे येतात, म्हणून सर्किटचा नकाशा पाहूनच निष्कर्ष काढावा.

२. कोडची रचना

पी०३०१ हा कोड फोडून पाहू.

- पहिले अक्षर विभाग दाखवते. पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी (ब्रेक, स्टिअरिंग), बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलांमधला संपर्क.
- दुसरा आकडा कोड कोणाचा हे सांगतो. पी० ने सुरू होणारे कोड सर्व कंपन्यांत समान असतात. पी१ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. तो इंटरनेटवरच्या सर्वसाधारण यादीतून घेऊ नये.
- तिसरा आकडा उपविभाग दाखवतो. १ व २ म्हणजे हवा आणि इंधन, ३ म्हणजे ठिणगी व मिसफायर, ४ म्हणजे प्रदूषण नियंत्रणाचे भाग, ५ म्हणजे वेग व आयडल नियंत्रण, ६ म्हणजे ईसीयू व त्याची आउटपुट सर्किटे, ७ व ८ म्हणजे गिअरबॉक्स.
- शेवटचे दोन आकडे नेमकी चाचणी सांगतात. इथे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर.

म्हणून पी०३०१ चा अर्थ ‘पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आढळला’ एवढाच. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांपैकी दोषी कोण, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

३. कोड नोंदला कसा जातो

कोडच्या वर्णनातील शब्द नीट वाचले तर अर्धे काम होते. चाचण्या साधारण तीन प्रकारच्या असतात.

सर्किटची चाचणी. वर्णनात ‘सर्किट हाय’ किंवा ‘सर्किट लो’ असे शब्द येतात. सिग्नलचे व्होल्टेज शक्य असलेल्या मर्यादेबाहेर गेले आहे. तुटलेली तार, सैल कनेक्टर, शॉर्ट किंवा खराब सेन्सर यांपैकी काहीतरी आहे. इथे मल्टिमीटर हवा.

विश्वासार्हतेची चाचणी. वर्णनात ‘रेंज’ किंवा ‘परफॉर्मन्स’ हे शब्द येतात. व्होल्टेज मर्यादेत आहे, पण इतर सेन्सरशी त्याचा मेळ बसत नाही. उदाहरणार्थ, थ्रॉटल पूर्ण उघडा आहे पण हवेचा दाब आयडलइतकाच दिसतो.

कामाची चाचणी. मिश्रण लीन आहे, सिलिंडर मिसफायर करतो, कन्व्हर्टरची क्षमता घटली, अशा स्वरूपाचे कोड. इथे सेन्सर बहुधा खरे सांगत असतात आणि दोष दुसरीकडे असतो. सर्वांत जास्त चुकीचे भाग याच प्रकारात बदलले जातात.

चाचणी एकदा नापास झाली की सहसा ‘पेंडिंग’ म्हणजे प्रलंबित कोड नोंदला जातो. पुढच्या फेरीतही तीच चाचणी नापास झाली तर कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. फेऱ्यांची नेमकी संख्या कोड आणि गाडी यांनुसार बदलते. दोष परत दिसला नाही तर सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि इंजिन गरम होण्याच्या ४० आवर्तनांनंतर कोडही पुसला जातो. म्हणून दिवा नसला तरी प्रलंबित कोड जरूर पाहावेत.

दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ निराळा आहे. मिसफायर इतका आहे की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. अशा वेळी ग्राहकाला गाडी चालवत आणायला सांगू नये.

कोड नोंदताना ईसीयू त्या क्षणाचे आरपीएम, वेग, लोड, पाण्याचे तापमान, फ्युएल ट्रिम ही वाचनेही साठवतो. हीच फ्रीझ फ्रेम. दोष थंड इंजिनाला येतो की गरम, आयडलला येतो की चढावर, याचे उत्तर तीत असते.

४. हात लावण्यापूर्वी

खालील क्रम सवयीचा करावा.

१. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. नुकतेच काही काम झाले का, म्युझिक सिस्टिम वा जादा दिवे बसवले का, पाण्यातून गाडी गेली का, हे विचारावे.
२. बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. इंजिन बंद असताना सुमारे १२.४ ते १२.६ आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित आहेत. व्होल्टेज पडल्यामुळे एकाच वेळी अनेक मॉड्यूल खोट्या तक्रारी करतात.
३. सर्व कोड, प्रलंबित कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून किंवा फोटो काढून ठेवावी. तोपर्यंत कोड पुसू नयेत. पुसण्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते.
४. बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये साचलेले पाणी व हिरवट गंज, निसटलेला होज, नीट न बसलेला एअर फिल्टरचा डबा, हे दोष स्कॅनरपेक्षा डोळ्यांना लवकर सापडतात.
५. अनेक सेन्सरचे कोड एकदम आले असतील तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असे समजू नये. त्यांच्यात समान काय आहे ते नकाशात पाहावे : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थची जागा, फ्यूज किंवा एकच कनेक्टर.

५. उदाहरण पहिले : पी०११८

वर्णन : कूलंट तापमान सेन्सर, सर्किट हाय.

ईसीयू आपल्या आतल्या रेझिस्टरमधून पाच व्होल्ट सेन्सरच्या तारेवर सोडतो. सेन्सरची दुसरी तार अर्थला जाते. हा सेन्सर तापमान वाढले की आपला रोध कमी करतो. अनेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. इंजिन थंड असताना तारेवर व्होल्टेज जास्त, गरम असताना कमी. मार्ग तुटला तर पूर्ण पाच व्होल्ट दिसतात आणि ईसीयू त्याचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा घेतो. स्कॅनरवर उणे ४० अंश असे वाचन येते. नागपूरच्या मे महिन्यात उणे ४० दिसणे म्हणजे तुटलेला मार्ग, हे लगेच ओळखता यावे.

आता सेन्सर की वायरिंग, हे ठरवण्याची रीत :

- इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा दोन पिनांचा कनेक्टर काढावा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हात दूर ठेवावा.
- कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या लहान तुकड्याने जोडाव्यात. स्कॅनरवरचे वाचन उणे ४० वरून एकदम १३० अंशांच्या आसपास किंवा वर गेले तर वायरिंग व ईसीयू ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांच्या पकडीत.
- वाचन हलले नाही तर सिग्नलची तार थेट बॉडीच्या अर्थला जोडून पाहावी. अर्थ तुटला आहे की सिग्नलची तार, हे मल्टिमीटरने ठरते. नवा सेन्सर इथे काहीच उपयोगाचा नाही.

पी०११७, म्हणजे ‘सर्किट लो’, आला तर रीत उलटी होते. कनेक्टर काढल्यावर वाचन उणे ४० ला गेले तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. नाही गेले तर तार कुठेतरी बॉडीला लागली आहे.

६. उदाहरण दुसरे : पी०१७१

वर्णन : मिश्रण फार लीन, बँक १.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयूला मिश्रण कुठे झुकले हे कळते आणि तो इंधन कमी-जास्त करतो. या सुधारणेची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला बदलतो; लाँग टर्म ट्रिम ही शिकून ठेवलेली सुधारणा असते. दोन्हींची बेरीज पाहावी. लाँग टर्म अधिक १८ आणि शॉर्ट टर्म अधिक ७ असेल तर ईसीयू २५ टक्के जादा इंधन देत आहे. ३ मिलिसेकंद उघडणारा इंजेक्टर आता ३.७५ मिलिसेकंद उघडतो. बेरीज साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे टिकली की अनेक गाड्यांत पी०१७१ नोंदला जातो.

पहिली शंका ऑक्सिजन सेन्सरवर घेतली जाते. तो साधा, ० ते १ व्होल्टचा असेल तर तपासणे सोपे आहे. गरम इंजिनाला एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. सेन्सर चटकन ०.८ व्होल्टच्या वर गेला आणि पाय काढल्यावर ०.२ च्या खाली आला तर तो काम करतो आहे. त्याने दिलेली बातमी वाईट आहे म्हणून त्यालाच बदलण्यात अर्थ नाही.

यानंतर ट्रिम दोन स्थितींत वाचावा.

*आयडलला जास्त, २५०० आरपीएमला कमी.* हवेचे वजन मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत हे सेन्सरच्या पुढे होणाऱ्या व्हॅक्युम गळतीचे लक्षण आहे. समजा आयडलला सेन्सरमधून सेकंदाला २ ग्रॅम हवा जाते आणि फाटलेल्या होजमधून ०.५ ग्रॅम न मोजता येते. तूट २५ टक्के. २५०० आरपीएमला सेन्सरमधून ८ ग्रॅम जातात, गळती जवळपास तेवढीच राहते. तूट सुमारे ६ टक्के. गळती शोधायला धूर सोडणारे यंत्र उत्तम. ते नसेल तर एकेक होज हलकेच दाबून ट्रिम खाली येतो का ते पाहावे. चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधू नये, आग लागते.

*आयडलला ठीक, लोडवर जास्त.* मागणी वाढली की इंधन पुरत नाही. फिल्टर तुंबला, पंप कमजोर झाला किंवा त्याच्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडते. गेज लावून इंधनाचा दाब मोजावा आणि सेवा-पुस्तिकेतील आकड्याशी ताडावा. दाब ठीक असेल तर एअर-फ्लो सेन्सर धुळीने कमी हवा दाखवत असण्याची शक्यता पाहावी.

*दोन्हीकडे सारखाच जास्त.* इंजेक्टर तुंबणे, इंधनाचा दाब कायमच कमी असणे, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर पाइपला चीर असणे.

इथे एक मोठा खुलासा हवा. भारतातील अनेक लहान गाड्यांत एअर-फ्लो सेन्सर नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. होज फाटून आत आलेली हवा दाब वाढवते, म्हणजे ती मोजली जाते आणि तिच्यापुरते इंधनही दिले जाते. अशा गाडीत व्हॅक्युम गळतीने आयडल आरपीएम आणि मॅपचे वाचन वाढते, ट्रिम फारसा हलत नाही. म्हणून अशा गाडीत पी०१७१ आला तर आधी इंधनाचा दाब, इंजेक्टर, एक्झॉस्टची गळती आणि मॅप सेन्सर पाहावेत. गाडीत कोणता सेन्सर आहे हे न पाहता पाठ केलेला उपाय इथे फसतो.

मॅप सेन्सर पडताळायला इग्निशन ऑन आणि इंजिन बंद ठेवून वाचन घ्यावे. ते त्या गावच्या हवेच्या दाबाइतके यायला हवे : मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५, बंगळूरूत ९१ आणि लेहमध्ये ६५ च्या आसपास. लेहमध्ये ६५ हे निरोगी वाचन आहे. मुंबईत ६५ दिसले तर सेन्सर किंवा त्याचे सर्किट खोटे बोलत आहे.

सीएनजी किट असलेल्या गाडीत ट्रिम पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळा तपासावा. गॅसची जुळणी बिघडली असेल तर काही गाड्यांत ईसीयू गॅसवर चुकीची सुधारणा शिकतो आणि ती पेट्रोलवर वापरतो. कोड पेट्रोलवर दिसतो, दोष गॅसच्या बाजूला असतो.

७. आणखी दोन नेहमीचे कोड

पी०३०१. इंजिन बंद करून पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी आणि गाडी चालवावी. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. नाही सरकला तर हीच रीत प्लगला लावावी, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चालू इंजिनावर कॉइल उपटू नये.

पी०४२०. कन्व्हर्टरची क्षमता कमी. साध्या सेन्सरच्या गाडीत पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत हेलकावे खातो, मागचा ०.६ ते ०.७ च्या आसपास बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखेच हेलकावे खाऊ लागला तर कन्व्हर्टर थकला असे मानता येते. मात्र त्याआधी एक्झॉस्टची गळती नाही याची खात्री करावी. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंमुळे कन्व्हर्टर महाग असतो. मिसफायर किंवा ऑइल जळणे यामुळे तो खराब झाला असेल आणि ते कारण तसेच राहिले, तर नवाही काही महिन्यांत जातो.

८. दुरुस्ती झाली हे कसे समजावे

कोड पुसला गेला हा दुरुस्तीचा पुरावा नाही. पुसल्याबरोबर ईसीयूच्या चाचण्यांची ‘रेडीनेस’ स्थितीही ‘अपूर्ण’ होते. कन्व्हर्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर यांच्या चाचण्या ठराविक तापमान, वेग आणि वेळ मिळाल्यावरच होतात. म्हणून फ्रीझ फ्रेममध्ये जी स्थिती होती तीत गाडी चालवावी, संबंधित चाचणी ‘पूर्ण’ दिसते का ते पाहावे आणि प्रलंबित कोड पुन्हा वाचावेत. पी०१७१ च्या बाबतीत ट्रिमची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत आली, हा सर्वांत स्पष्ट पुरावा. आधीचे आणि नंतरचे आकडे जॉब कार्डवर लिहावेत. ग्राहकाने कशाचे पैसे दिले हे त्याला त्या दोन आकड्यांवरून समजते.

सारांश

कोड तपास कुठून सुरू करायचा ते सांगतो. वर्णनातील शब्दांवरून चाचणीचा प्रकार कळतो, फ्रीझ फ्रेमवरून परिस्थिती कळते, चालू वाचनांवरून संशय कमी होतात आणि मल्टिमीटर वा गेजने उरलेला संशय सिद्ध होतो. भाग बदलण्याची पायरी त्यानंतरची.

स्वाध्याय

१. पी०११३ हा हवेच्या तापमान सेन्सरचा ‘सर्किट हाय’ कोड आहे. स्कॅनरवर कोणते वाचन अपेक्षित आहे? सेन्सर आणि वायरिंग यांतला दोषी कसा ठरवाल?
२. एका गाडीत आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक ३, शॉर्ट टर्म अधिक १. चढावर अनुक्रमे अधिक १६ आणि अधिक ८ आहे. दोन्ही बेरजा काढा आणि पहिली कोणती चाचणी घ्याल ते कारणासह लिहा.
३. मॅप सेन्सरच्या गाडीत ब्रेक बूस्टरचा होज निसटला. आयडल आरपीएम, मॅपचे वाचन आणि ट्रिम यांवर काय परिणाम होईल?
४. एकाच वेळी मॅप सेन्सर, थ्रॉटल सेन्सर आणि ए.सी. प्रेशर सेन्सर यांचे ‘सर्किट लो’ कोड आले. तपास कुठून सुरू कराल?
५. तपासणीआधी कोड पुसल्याने कोणती माहिती कायमची जाते? तिचा निदानात काय उपयोग झाला असता?